टाकीत तरंगणारा चारा बहुतेक वेळा जाळ्यातच मेलेला असतो

तुमचा प्रश्न असा: काठी-गळाने कुपा (टुना) मारणारी आठ-दहा माणसांची बोट आहे. रात्री दिवा लावून बारीक मासळी पकडता, कुप्याला बोटीजवळ ओढायचा जिवंत चारा म्हणून टाकीत भरता आणि पहाटे बाहेर निघता. उजाडेपर्यंत निम्मा चारा पोट वर करून तरंगत असतो. टाकी मोठी करावी की पंप बदलावा? मेलेला चारा वापरता येईल का? तळ्यात वाढवलेला चालेल का? आणि एका फेरीला किती न्यावा?

पंपावर पैसे घालण्याआधी एक काम करा. पुढच्या फेरीत मेलेला चारा समुद्रात भिरकावू नका. बादलीत काढा आणि बॅटरीच्या उजेडात एकेक मासा हातात घेऊन बघा. तोंडाचं टोक लाल झालंय, अंगावरची खवलं गेलीयत, शेपटीजवळ पांढुरका चट्टा दिसतोय, तर तो मासा तुमच्या टाकीने मारलेला नाही. तो जाळ्यात किंवा बादलीत मेला, जीव जायला तेवढे चार-सहा तास लागले. पण अंग शाबूत आहे, तोंड आ वासलेलं आहे आणि कल्ल्यांच्या झाकण्या फाकलेल्या आहेत, तर तो गुदमरलाय. मग पंपाचं बोलू. मी ज्या ज्या बोटींवर हे करून पाहिलं, तिथे पहिल्या प्रकारचे मासे दुसऱ्या प्रकारच्या दुप्पट-तिप्पट निघाले. आणि त्यातल्या बहुतेक मालकांनी तोवर नवा पंप घेऊन टाकलेला होता.

मासा इतक्या उशिरा का मरतो, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा कमी खारं असतं. बाहेरचं मीठ त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढत असतं आणि खवलं नि वरचा चिकट थर त्याला अडवून धरतात. तो थर जाळ्याला घासून गेला की मासा आतून सुकायला लागतो. पाण्यात राहून तहानेने मरण्यासारखंच ते. म्हणून रात्री दहाला टाकीत टाकलेला मासा बाराला ठणठणीत दिसतो, दोनला सुस्तावतो आणि चारला तरंगतो. त्या वेळी जो खलाशी पहाऱ्यावर असेल त्याच्या माथी खापर फुटतं, आणि त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं.

जाळं वर येताना दिव्याखाली पाण्यात चांदीचा भुगा उडाल्यासारखं दिसतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. नवख्या पोराला ते फार आवडतं. ती खवलं असतात. ती चमक जितकी जास्त, तितकी पहाटे बादली जड. माझ्या पहिल्या तांडेलाची (बोटीच्या म्होरक्याची) पद्धतच होती: जाळं वर आलं की तो मासळीकडे बघायचा नाही, पाण्याकडे बघायचा. भुगा जास्त दिसला की अर्धी मासळी तिथल्या तिथे सोडून द्यायला लावायचा. मला तेव्हा तो माणूस वेडा वाटायचा. मग एका रात्री तो आजारी होता आणि जाळं आम्हा पोरांच्या हातात होतं. मासळी अशी आली होती की जाळं उचलवेना. आम्ही सगळी घेतली, टाकी ठेचून भरली आणि खुशीत झोपलो. पहाटे झाकण काढलं तर वर पांढरी सतरंजी. त्या दिवशी कुप्याचे पाच थवे बोटीजवळून गेले आणि आमच्याकडे टाकायला मूठभर हलता चारा नव्हता.

तर जाळ्यापासून टाकीपर्यंतचं काम असं करा. जाळं बिनगाठीचं आणि मऊ हवं. गाठीगाठीचं स्वस्त जाळं म्हणजे किसणी. मासळी जाळ्यात आली की जाळं बोटीवर ओढायचं नाही, बोटीच्या कडेला पाण्यातच झोळीसारखं धरून ठेवायचं. झोळी एकदम आवळू नका. मासे एका दिशेने गोल फिरत असतील तर जागा पुरेशी आहे. एकमेकांवर चढून पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं की ढील द्या. आणि मासा दांड्याच्या जाळीने उपसू नका. बादली पाण्यात तिरकी बुडवा, मासे पाण्यासकट आत येऊ द्या आणि बादली टाकीच्या पाण्याला टेकवून ओता. उंचावरून ओतलेली प्रत्येक बादली म्हणजे शंभरेक माशांना मारलेली थप्पड. हात ओला हवा, अंगठी काढलेली हवी. हे वाचून कोणी हसेल. हसू दे.

याहून चांगला उपाय एकच: चारा पकडल्या पकडल्या बोटीत भरायचाच नाही. जपानी बोटी जे अँकोव्ही वापरतात (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा) ते आधी तरंगत्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवलेले असतात. जखमी तिथेच मरून जातात. उरलेले गर्दीला सरावतात, शांत होतात, पोट रिकामं करतात. रिकाम्या पोटाचा मासा टाकीत घाण कमी करतो आणि प्राणवायूही कमी खातो. अशाच चाऱ्यावर, शिवाय थंड केलेल्या पाण्याच्या टाक्यांवर, त्यांच्या लांब पल्ल्याच्या बोटी कित्येक आठवडे बाहेर काढतात. तुम्हाला आठवडे नकोत, पण आडोशाच्या पाण्यात पिंजरा बांधून एक रात्र चारा ठेवलात तरी फरक डोळ्यांना दिसेल. थंड पाण्याचं ऐकून टाकीत बर्फ मात्र टाकू नका. बर्फ गोड्या पाण्याचा असतो. तापमान आणि खारेपणा दोन्ही एकदम खाली येतात आणि मासा दुहेरी मार खातो.

आता टाकी. मालदीवच्या जुन्या धोणींत (तिथल्या मासेमारीच्या बोटींत) आणि लक्षद्वीपमध्ये मिनिकॉयच्या बोटींत टाकीच्या तळालाच भोकं असायची. बोट चालली की समुद्राचं पाणी खालून आत येई. मालदीवच्या धोणींवर तर माणसं आत आलेलं पाणी सतत उपसत राहायची. मालदीवमध्ये 1974 पासून इंजिनं आली, पुढे पंप आले. पण तत्त्व तेच राहिलं: ताजं पाणी खालून, वापरलेलं वरून बाहेर. याचं एक दुखणं मात्र लोक विसरतात. भोकांची टाकी बोट चालताना उत्तम चालते. तुम्ही रात्री नांगर टाकून, दिवा लावून चारा पकडता, तेव्हा बोट उभी असते. टाकीत सर्वांत जास्त घाबरलेले, धापा टाकणारे मासे नेमके तेव्हा असतात आणि पाणी नेमकं तेव्हाच फिरत नसतं. तुमची बोट या जातीची असेल तर उभ्या बोटीसाठी छोटा पंप लागेलच. मी तासाला सहा ते आठ वेळा टाकीचं सगळं पाणी बदलेल असा पंप धरतो. 28 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात फार तर लिटरमागे सव्वासहा-साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 20 अंशांच्या पाण्यात सात मिलिग्रॅमच्या वर. म्हणजे उष्ण पाण्यात हाताशी शिल्लक कमी आणि माशाची भूक जास्त.

पंप मोठा घेतला तरी त्याच्या ओढणीच्या नळीत कुठे हवा शिरत नाही ना, ते बघा. नळीचा जोड सैल असला की हवा पाण्यात दाबाने विरघळते, माशाच्या रक्तात तिचे बुडबुडे होतात आणि ठणठणीत मासे गटाने मरतात. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. डोळे फुगलेले, कल्ल्यांत बारीक फुगे दिसले तर हेच. शिवाय ओढणीचं तोंड इंजिनाच्या सांडपाण्याच्या मागे नको. बंदरातल्या तेलकट पाण्यात चारा घेऊन रेंगाळू नका.

टाकी मोठी करू का, याचं उत्तर बहुधा नाही. मोठी टाकी अर्धी भरलेली असली की बोट हलेल तसं आतलं पाणी आपटतं, मासे भिंतीवर फेकले जातात, आणि बोटीच्या तोलालाही ते वाईट. टाकी तोंडापर्यंत, अगदी झाकणाच्या गळ्यापर्यंत भरलेली हवी. गळा अरुंद असला की पाण्याला हिंदकळायला जागाच राहत नाही. कोपरे गोल करा. चौकोनी कोपऱ्यात मासे कोंडतात आणि नाक घासतात. आतून फिका रंग द्या, म्हणजे मेलेला चटकन दिसतो आणि काढता येतो. रात्री टाकीवर एक मंद दिवा ठेवा. पूर्ण काळोखात थवा मोडतो आणि मासे भिंतींना धडकत राहतात. थोडा उजेड असला की रांग धरून फिरतात. हा दिवा माझ्या मते नव्या पंपापेक्षा जास्त चारा वाचवतो, आणि त्याला खर्च काहीच नाही.

कुठला चारा, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण त्याचा तुमच्या मरतुकीशी थेट संबंध आहे. मालदीवमध्ये ज्याला रेही आणि होंडेली म्हणतात ते चांदीच्या रंगाचे बारीक स्प्रॅट, तारलीसारखेच पण बोटभर. त्यांच्याइतका कुप्याला वेडा करणारा चारा नाही, आणि त्यांच्याइतका नाजूकही नाही. अँकोव्हीचं तेच. मुगुरान, म्हणजे प्रवाळावरच्या फ्युझिलिअर माशांची पिल्लं, काटक असतात, चमकतातही, पण हंगामातच मिळतात. बोढी, म्हणजे कार्डिनल मासे, टाकीत दगडासारखे टिकतात. पण पाण्यात टाकल्यावर वर थांबत नाहीत, बोटीखाली किंवा खोल सटकतात आणि थव्यालाही खाली नेतात. पाण्यात पडल्यावर बोटीकडेच आसऱ्याला वळणारा चारा सर्वांत मोलाचा, कारण त्याच्या मागे कुपा काठीच्या टप्प्यात येतो. दोन जाती एका टाकीत मिसळू नका. काटक मासे नाजूक माशांना रात्रभर दामटवतात. दोन कप्पे असतील तर नाजूक चारा पहिल्या थव्याला संपवा, काटक दुपारसाठी ठेवा.

आता मला ज्यावर सर्वांत जास्त बोलायचंय ते: चारा टाकणारा माणूस. तुमची मरतूक शून्यावर आली तरी हा माणूस उधळ्या असेल तर दुपारी टाकी रिकामीच. आणि उलट, निम्मा चारा मेलेला असूनही चांगला टाकणारा बोट भरून आणतो, हे मी पाहिलंय.

थव्याजवळ आलात की पहिल्यांदा पाच-सहा मासे, बस. ते कुठे जातात ते बघायचं. कुप्याने वर येऊन घेतले, की वेग अगदी कमी करायचा आणि चारा बोटीच्या अंगालगत, काठीच्या टप्प्यात टाकायचा. लांब फेकलेला चारा थव्याला लांबच थांबवतो. मूठ भरून फेकू नका. दोन-तीन मासे, क्षणभर थांबून पुन्हा दोन-तीन. कुप्याला नेहमी वाटलं पाहिजे की शेजाऱ्याने मिळवला आणि आपल्याला मिळाला नाही. ती चुरस म्हणजेच थव्याचं वेड. पोट भरलं की वेड उतरतं. काही जण टाकण्याआधी मासा बोटांनी हलकेच चिमटतात, म्हणजे तो वेडावाकडा पोहतो. थंड थव्यावर त्याचा उपयोग होतो, पेटलेल्या थव्यावर गरज नसते.

थवा पेटलाय की नाही हे माशाच्या अंगावर लिहिलेलं असतं. स्किपजॅक कुप्याच्या पोटावर लांब आडव्या काळ्या रेघा असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो खायच्या भरात आला की त्या रेघा पुसट होतात आणि पाठीपासून खाली उतरणारे उभे गडद पट्टे उमटतात. उन्हात, बोटीवरून मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्याखालीसुद्धा ते दिसतात. पट्टे दिसताहेत तोवर चारा जपून टाका, कारण मासा तसाही घेतोय. गळाला चारा लावायचीही गरज नाही, पिसांचा चमकता बिनकाट्याचा गळ पुरतो आणि मासा डोक्यावरून मागे येताना हवेतच सुटतो. पट्टे विरायला लागले की मूठ थोडी सैल करा. तरीही परतले नाहीत तर थांबा. उतरलेल्या थव्यावर टाकलेला चारा म्हणजे समुद्रात केलेला दानधर्म. तो थवा काही तासांनी पुन्हा भुकेला होतो. त्याच्याकडे तेव्हा जा. फवारा मात्र आधीपासून शेवटपर्यंत चालू ठेवा. पाण्यावर पडणारे थेंब बारीक मासळी उडत असल्यासारखे भासतात आणि वरची माणसं नि काठ्या झाकतात. फवारा बंद पडला की तिप्पट चारा लागतो, हे मी मोजून नाही, शिव्या खाऊन शिकलोय.

मेलेला चारा. नाही. कुपा हलणाऱ्या चमकीवर येतो. मेलेला मासा तिरका बुडत जातो आणि थव्याला खाली घेऊन जातो. भर वेडात जिवंत चाऱ्यात थोडा ताजा मेलेला मिसळला तर खपून जातो, एवढंच. थवा धरून ठेवायला तो निरुपयोगी.

तळ्यातला चारा लोकांनी पुष्कळ करून पाहिलाय, कारण जिथे जिथे हा धंदा अडला तिथे तो चाऱ्यावर अडला. हवाई बेटांवर नेहू नावाचा नाजूक अँकोव्ही लागायचा आणि तो पुरायचा नाही, म्हणून तिथे तिलापिया, दुधमासा म्हणजे मिल्कफिश, असं सगळं आजमावलं गेलं. किरिबातीत तर मिल्कफिशची तळीच या कामासाठी होती. मिल्कफिश काटक आहे, चांदीसारखा चमकतो, कुपा तो घेतो. तिलापिया रंगाने मळकट, मला त्याचा कधी भरवसा वाटला नाही. पण खरी अडचण हिशोबाची आहे. तळ्यातला मासा खाणं मागतो, मनुष्यबळ मागतो, आणि तुम्हाला हवा त्या आठवड्यात हव्या त्या मापाचा असेलच असं नाही. एकट्या बोटीला हे परवडत नाही. दहा-बारा बोटी एकत्र येऊन करत असतील तर बोला. कॅलिफोर्नियाच्या चारा-बोटींनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस काठ्या टाकून नायलॉनची मोठी घेरजाळी उचलली, त्यामागे चाऱ्याच्या मागे फिरण्याची कटकट संपवणं हेही एक मोठं कारण होतं.

एका फेरीला किती? वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एक किलो चाऱ्यामागे सात-आठ किलोपासून तीस किलोच्या आसपास कुपा दाखवतात. एवढा फरक समुद्राचा नाही, चारा आणि हात यांचा आहे. त्यामुळे मी किलोत आकडा देत नाही. सध्या नेता त्याच्या निम्मा चारा न्या, वर सांगितल्यासारखा हाताळा आणि सहा फेऱ्या वहीत तीन गोष्टी लिहा: किती बादल्या भरल्या, पहाटे किती मेलेल्या काढल्या, कुपा किती किलो. बहुतेक बोटींना निम्म्या चाऱ्यात तेवढाच कुपा मिळतो, कारण दाटी कमी झाली की मरतूक निम्म्याहून जास्त उतरते. अमावास्येच्या मागेपुढे दिव्यावर मासळी भरपूर येते तेव्हा हात आवरणं कठीण, मला कळतं. पौर्णिमेला दिव्यावर काही येत नाही, तेव्हा पिंजऱ्यातला साठा कामाला येतो.

चाऱ्याची मासळी संपेल का, ही भीती स्प्रॅटच्या बाबतीत थोडी कमी आहे. होंडेलीचं आयुष्य सहा महिन्यांच्या आतलं, पिढ्या भराभर येतात. पण एकाच खाडीत रोज रात्री सगळ्या बोटी दिवे लावतील तर तीही रिकामी होते. मोठी काळजी प्रवाळावरच्या पिल्लांची आहे. उद्या मोठे होणारे फ्युझिलिअर तुम्ही चारा म्हणून नेता, आणि त्यांना बाहेर हुसकावायला कोणी पोवळं काठीने ठोकत असेल, नांगर त्यावर टाकत असेल, तर पुढच्या वर्षीचा चारा आजच तोडताय. सॉलोमन बेटांत चारा पकडायला येणाऱ्या बोटी खाडीच्या मालक गावांना पैसे देत. गावाची नजर असली की काठ्या आपोआप जपून चालतात. तुमच्याकडे तशी पद्धत नसेल तर निदान नांगर वाळूत टाका आणि जाळं उचलताना पोवळ्यावर पाय देऊ नका.

संध्याकाळी उरलेला चारा भर समुद्रात ओतू नका. तिथे तो दहा मिनिटंही जगत नाही. परत आणा आणि पिंजऱ्यात सोडा, नव्या चाऱ्यापासून वेगळ्या कप्प्यात. दिवसभर टाकीत राहून जगलेले ते मासे तुमच्याकडचे सर्वांत कणखर असतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या थव्याला तेच काढा.